ज्याला फाशी शिवत न्हाय

आमच्याकडं फाशी म्हणजे गुरांचा रोग. सकाळी धडधाकट चरायला गेलेला बैल दुपारी कुरणातच आडवा होतो, पोट फुगतं, नाकातोंडातून काळं रगत येतं, आणि घरी परत येतं ते नुसतं दावं. आमच्या गावात ही फाशी एकाच जागी लागायची, वेताळाच्या कुरणात. नागावच्या अलीकडं, खाडीच्या अंगाला हाय ते. बाकीचं गवत करपून गेलं तरी तिथलं हिरवंगार. माझी सासू म्हणायची, ते गवत न्हाय, मेलेल्या ढोरांचे केस उगवतात तिथं. आम्ही सुना तिथून जाताना पदर तोंडावर घ्यायचो. का घ्यायचा ते कुणी सांगितलं न्हवतं, पण घेतल्याबिगर पाऊल पुढं पडायचं न्हाय.

आमची बैलजोडी त्या कुरणानंच खाल्ली. दोन्ही एकाच आठवड्यात. म्हणून आमच्या वाडीतला गोठा रिकामा पडला होता, आणि म्हणून गुरांचा डाक्तर आला तेव्हा पाटलांनी त्याला थेट आमच्या दारात आणून उभा केला.

टिपणीस त्याचं आडनाव. महाडच्या तळ्याचं झालं ना, त्याच्या मागल्या-पुढल्या सालातली गोष्ट. मुंबईत शिकलेला, डोक्यावर साहेबी टोपी, अंगाला कायम फिनेलचा वास. बायको न्हाय, पोर न्हाय. आला तो पहिल्याच दिवशी वेताळाच्या कुरणात जाऊन माती उकरून बाटलीत भरून आला. मी म्हटलं, झालं, हा काय आठ दिवस टिकत न्हाय.

"नीराबाई," मला म्हणाला, "या मातीत फाशीचे जंतू आहेत. जनावर मेलं तरी ते मरत नाहीत. बियाण्यासारखे झोपून राहतात. पन्नास वर्षं राहतील."

"मेलं तरी मरत न्हाय, जागा सोडत न्हाय, आणि जो जवळ जाईल त्याला धरतं," मी म्हटलं, "त्याला आम्ही भूत म्हणतो. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा."

तो हसला न्हाय. "तसंच आहे ते," म्हणाला.

मग शेळ्या आल्या. बोटीनं रेवसला, तिथून बैलगाडीनं आमच्या गोठ्यात. त्यांना चारा-पाणी करायचं काम माझं. डाक्तराकडं काचेच्या नळ्यांत बंद केलेली एक पिवळी पूड होती, जर्मनीची. सोमलापासून केलेली, असं म्हणाला.

"सोमल?" मी ओरडलेच. "उंदरांना घालतात तो?"

"तोच. पण हा मोकळा नाही, दुसऱ्या द्रव्यांशी बांधलेला आहे. मोकळा सोमल मारतो. बांधलेला कदाचित वाचवेल."

"कदाचित?"

"तेच बघायला आलोय."

त्याचं बघणं म्हणजे असं. काही शेळ्यांना ती पूड पाण्यात विरघळवून सुईनं द्यायची, काहींना न्हाय. मग सगळ्यांनाच फाशीची सुई टोचायची. ज्यांना पूड दिली न्हाय त्या तर मरायच्याच. ज्यांना दिली त्यातल्याही मरायच्या, कधी फाशीनं, कधी सोमलानं. मेलेलीला वाडीच्या टोकाला चुन्याच्या खड्ड्यात जाळायचं. मी शेळ्यांना नावं ठेवायची सोडून दिली. नाव ठेवलं की जीव लागतो, आणि जीव लागला की चुना भुरभुरवत न्हाय. आमचा गोठा रिकामा झाला की नवीन शेळ्या यायच्या, पुन्हा रिकामा व्हायचा. दाराबाहेर उभं राहिलं तरी आतली हवा जड लागायची.

एक बोकड तेवढा वाचला. काबरा, एका बाजूचं शिंग मोडलेलं. त्याला पूड दिली, फाशी टोचली, दोन दिवस मान खाली घालून उभा राहिला, तिसऱ्या दिवशी माझ्या हातातलं आंब्याचं पान ओढून खाल्लं. डाक्तर तिथंच खाली बसला नि लहान पोरासारखा रडला. मग महिन्याभरानं पुन्हा आधी पूड, मग फाशी. पुन्हा वाचला. आणि पुन्हा एकदा. दर खेपेला आधी पूड दिली होती, ते मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं. गावाला मात्र एवढंच कळलं की टिपणिसाच्या बोकडाला फाशी शिवत न्हाय. वरसोलीपासून माणसं यायची बघायला. बाया हळद-कुंकू घेऊन यायच्या, मी हाकलायचे.

पण त्या बोकडाचं लक्षण मला बरं वाटत न्हवतं. ऐन दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, तो गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्यांकडं तोंड करून उभा राहायचा आणि एकेका खुंटीकडं बघत हळू आवाजात बोलल्यासारखा बेंबें करायचा. चारा टाकला तर शिवायचा न्हाय. एकदा वैतागून मी प्रत्येक रिकाम्या खुंटीपाशी मूठमूठ गवत टाकलं, म्हटलं घे, तुझ्या पाहुण्यांनापण वाढलं. तेव्हा कुठं यानं खायला सुरुवात केली. मग रोजचंच झालं ते. संध्याकाळी खुंट्यांपाशी बघावं तर गवत संपलेलं. त्यानंच खाल्लं असणार, दुसरं कोण खाणार? पण त्याच्या दाव्याला तेवढी लांबी न्हवती.

मी डाक्तराला सांगायला गेले. तर तो माझ्याआधीच म्हणाला, "नीराबाई, आज शेळ्या फार ओरडत होत्या, नाही?"

"शेळ्या कुठल्या, डाक्तर? एकटा बोकड हाय गोठ्यात."

"हो, हो," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. मी गवताचं न सांगताच परत फिरले.

शिमगा जवळ आला. आमचे घरधनी गावाचा ढोल वाजवायचे. मी त्यांचं नाव घेत न्हाय, गाव त्यांना मोरू म्हणायचं. माणूस साधा, पण ढोल गळ्यात पडला की वेगळाच व्हायचा. पालखी त्यांच्या ढोलाबिगर हलायची न्हाय, आणि आमच्या गावात समज असा की शिमग्याचा ढोल घुमला की रोगराई वेशीबाहेर पळते. त्या वर्षी नेमकं ढोलाचं कातडं फाटलं. डाक्तर औषधाच्या नळ्या आणायला मुंबईला गेला होता. मी रेवदंड्याच्या बाजारात.

परत आले तर गोठ्याचं दार सताड उघडं, आणि अंगणात आमचे हे उकिडवे बसून कातड्याचे केस खरवडतायत. काबरे केस.

माझ्या हातातली टोपली पडली. "अवो, काय केलंत हे! कुणाच्या डोक्यातलं खूळ हे?"

"ओरडू नको गं," ते म्हणाले. "पाटलांनी सांगितलं, सगळ्या गावानं ठरवलं. देवाच्या कामाला गेला तो. अगं, विचार कर, फाशीला तीनदा हरवलेलं कातडं हाय हे! ह्याचा ढोल वाजला तर फाशी गावात पाय ठेवेल का?"

आमच्या माणसांची अक्कल अशीच. जो वाचला तोच कापायचा, म्हणजे बाकीचे वाचतील. बरं, आमच्या गावाबाहेर कुणाला हे सुचलंही नसतं.

आणि खोटं कशाला बोलू, ढोल वाजला मात्र असा की असा ढोल मी जन्मात ऐकला न्हाय. खालून, जमिनीतून आवाज आल्यासारखा. पालखीपुढं नाचणारी पोरं मधेच थांबून एकमेकांकडं बघायची. कुत्री गाव सोडून बंदराकडं पळाली. आमच्या ह्यांचं तोंड घामानं चमकत होतं, डोळे मिटलेले, आणि मला उगाच वाटत होतं की त्यांना कुणीतरी उत्तर देतंय.

डाक्तर आला तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. रिकामी खुंटी बघून, माझ्याकडून सगळं ऐकूनही ओरडला न्हाय, चिडला न्हाय, पालथ्या बादलीवर बसला. मग एकदम उठून म्हणाला, "कातडं कुणी सोललं? केस कुणी काढले?"

"ह्यांनीच."

"नीराबाई, तो बोकड आतून निरोगी होता. पण त्याच्या केसांत, खुरांत या गोठ्याची माती होती. इथं किती शेळ्या मेल्या, तुम्हाला ठाऊक आहे." असं म्हणत तो धावतच देवळाकडं गेला. आमचे हे तिथं ढोलापाशी होते.

आमच्या ह्यांच्या मनगटावर तेव्हा नुसतं डास चावल्यासारखं होतं. खाजतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला पाण्याचा फोड आला, नंतर मधोमध काळं झालं, कोळसा ठेवल्यासारखं, आणि हात कोपरापर्यंत सुजला. डाक्तरानं त्या काळ्या जागी दाबून विचारलं, "दुखतंय?"

"न्हाय. जरासुद्धा न्हाय."

डाक्तराचं तोंड पांढरं पडलं. मला बाहेर नेऊन म्हणाला, "ही काळपुळी. फाशीच आहे, माणसाला लागलेली. दुखत नाही तेच वाईट."

"मग तुमची ती पूड द्या."

"या रोगासाठी मी ती माणसाला कधी दिलेली नाही. बोकड वाचला तो औषधानं की त्याच्या नशिबानं, हेसुद्धा अजून मला नक्की ठाऊक नाही. ते कळायलाच तो जिवंत हवा होता. आणि हा सोमल आहे, नीराबाई. डोळे जाऊ शकतात. जीवही जाऊ शकतो."

"डोळे गेले तर मी हात धरून फिरवीन. जीव तर असाही चाललाय. द्या म्हणते ना!"

त्यानं पिशवी उघडली. मग नळी फोडली.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. ओकाऱ्या, ताप, अंगाला लसणासारखा वास. बडबडायचे ते पण माणसांशी न्हाय, "खा, तूपण खा" असं कुणाला तरी म्हणायचे, आणि बोट दाखवायचे तिथं भिंत असायची. डाक्तर माझ्या ओटीवर बसून होता, दाढी वाढलेली. मी देवाला म्हटलं, बोकड तुझ्या नावानं नेला ना, मग आता हिशेब कसला करतोस? सोड माझ्या माणसाला. किती रडले असेन!

आणि सूज उतरली. काळी खपली एक दिवस आपोआप गळून पडली. डोळे शाबूत. उठून पेज मागितली.

डाक्तर हसतही होता नि रडतही होता. मग त्यानं पुढं होऊन आमच्या ह्यांची खालची पापणी ओढून बघितली, मान दाबून बघितली, आणि पाठीवर थाप मारली. अगदी बोकडाला करायचा तसं. आमचे हे हसले. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

ढोल त्यानं स्वतः उचलून नेला आणि चुन्याच्या खड्ड्यात जाळला. पाटील तेव्हापासून त्याच्याशी बोलेनात. गोठ्याची माती खणून जाळली, दार खिळ्यांनी ठोकलं. मुंबईला परत जाताना डाक्तर मला आणि ह्यांना समोर बसवून म्हणाला, "मोरू, नीट ऐक. औषध अंगात थोडेच दिवस राहतं. बोकडाला मी दर वेळी आधी नवीन सुई देत होतो. तू आता पूर्वीसारखाच झालायस. फाशीच्या जनावराला हात लावायचा नाही. अंगावर पुळी दिसली की अलिबागला निरोप पाठवा, मी मुंबईहून औषध घेऊन येईन."

"व्हय व्हय," आमचे हे म्हणाले. लक्ष बाहेर. बाहेर माणसं जमली होती त्यांना बघायला.

आता मेलेलं ढोर कोण ओढतं, ते सांगते. पिढ्यानपिढ्या हे काम गावानं महारवाड्याच्या गळ्यात बांधलेलं. महाडच्या तळ्यानंतर त्यांनी शपथ घेतली, मेलेलं ढोर ओढणार न्हाय. बरोबरच केलं. त्यांची किती माणसं या काळपुळीनं गेली, गावानं कधी मोजली का? पण मग गावातली ढोरं मेली की ती तशीच पडून वास मारायची, आणि आमचे पाटील लोक नाकाला उपरणं लावून एकमेकांकडं बघायचे.

आंब्यांना पाड लागला तेव्हा पाटलांची म्हैस कुरणाच्या कडेला पडली. पाटील आमच्या दारात.

"नीरावहिनी, मोरूला पाठवा. म्हैस तेवढी खड्ड्यात टाकायचीय."

"का? तुमच्या घरात चार ल्योक हायत ना तालमीत घुमणारे?"

"त्यांना फाशी लागली तर? मोरूचं तसं न्हाय. त्याला शिवत न्हाय ती."

मी मुसळ घेऊन दारात आडवी उभी राहिले. डाक्तराचा शब्द न् शब्द सांगितला. पाटील मान हलवत ऐकत होते, लग्नात भटाचे मंत्र ऐकतात तसे. तेवढ्यात मागून आमचे हे आले, दोरी खांद्यावर टाकून.

"अवो, डाक्तर काय म्हणाला?"

"डाक्तराला त्याची पूड दिसते," म्हणाले, "मला माझं दिसतं. अगं, दुखण्यात मी कुठं होतो ते तुला ठाऊक न्हाय. ती सगळी तिथं होती, त्या खुंट्यांवरची. काबऱ्या पुढं होता. त्यांनी मला परत धाडलंय." आणि माझ्या हातातलं मुसळ हळूच काढून भिंतीला टेकवलं.

गावानं माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवला की त्याला बायको कुठली दिसते! म्हैस ओढली, काही झालं न्हाय. म्हातारी मेल्याचं दुःख न्हाय, काळ सोकावतो. मग कुणाचा पाडा, कुणाची गाय. आमचं दार वाजलं की मला कळायचं, कुठंतरी ढोर पडलंय. परत आले की मी विहिरीवर घासूनघासून त्यांना आंघोळ घालायचे, आणि मग उजेडात उभं करून हात, पाय, पाठ, मान, सगळं बघायचे. ते हसायचे. "टिपणीस झालीस की गं तू," म्हणायचे.

श्रावणात येसाजीचा बैल मेला. पाऊस असा की ढोर ओढवेना, चिखलात रुतायचं. बांबूला बांधून खांद्यावरून नेलं. मेलेल्या बैलाचं कातडं सारखं मानेला घासत होतं.

तिसऱ्या दिवशी मानेवर पुळी. मी बघितली नि तशीच पावसात धावले. अलिबागला माणूस पाठवला. डाक्तराला तार केली असं कळलं. पण श्रावणात मुंबईच्या बोटी बंद, समुद्र पिसाळलेला. खुष्कीनं यायचं तर खाड्या भरलेल्या. मी दारात बसून रस्त्याकडं बघत होते. आत ह्यांची मान सुजून छातीला भिडली होती.

"घाबरू नको," म्हणाले. आवाज घोगरा. "मला शिवत न्हाय ती."

"व्हय," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्यांचा तोच तेवढा आधार, तो मी कशाला काढून घेऊ? श्वास कोंडायला लागला तेव्हा मात्र माझा हात असा धरला की अजून ती बोटं माझ्या मनगटावर हायत. दुपारी गेले.

डाक्तर आला दसऱ्यानंतर, बोटी सुरू झाल्यावर. पिशवीत नळ्या. माझ्यासमोर उभा राहिला. मीच म्हटलं, "बसा, डाक्तर. पाणी देते." पाणी पिऊन परत गेला. पुन्हा कधी दिसला न्हाय.

आणि गाव? गावाला वाटलं असेल की आपण चुकलो? छे! पाटलांनी सांगितलं, मोरूनं गावावरची फाशी आपल्या मानेवर घेतली. त्या सालापासून मी एकटीनं भांडूनभांडून त्या कुरणाला काटेरी कुंपण घालायला लावलं, म्हणून ढोरं मरायची थांबली. पण श्रेय कुणाला? कुरणाच्या तोंडाशी दगड बसवला, शेंदूर फासला. आता त्यांना मोरूबाबा म्हणतात. शिमग्याला बोकड कापतात आणि मानाचा वाटा माझ्या घरी येतो. मी तो पुरते. जिवंत होता तेव्हा मेलेली ढोरं ओढायला लावली, आणि आता देव करून बसवलाय माझ्या माणसाला.

म्हणतात, ऐन दुपारी कुरणातून ढोल ऐकू येतो. जमिनीतून आल्यासारखा, धीम्या लयीत. पाटलांच्या सुनेनं ऐकलाय. येसाजीनं ऐकलाय. परवा नागावचे माडीवाले रस्त्यानं जात होते, ते मडकी टाकून पळाले. शेजारची मनुबाई तर दुपारी कुरणाकडच्या खिडक्या लावून घेते. मला विचारतात, "वहिनी, काल केवढा घुमत होता! ऐकलात ना?" मी म्हणते, "ऐकला." न्हाय म्हटलं तर काय वाटेल लोकांना?

दुपारी सगळं निजलं की मी कुंपणापाशी जाऊन बसते. कोंबडी ओरडली तरी हाकलते, आवाज नको म्हणून. बसते, बसते, वारा पडतो, माडाचं पान हलत न्हाय. सगळ्या गावाला ऐकू येतो त्यांचा ढोल. मला अजून एकदासुद्धा आला न्हाय.